स्वर नसलेली गुंडाळी: तोरा लिहितात कशी, वाचतात कशी, पाळतात कशी

‘करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नकोस’ ही आज्ञा तोरामध्ये, म्हणजे यहुद्यांच्या मूळ धर्मग्रंथात, तीनदा येते. गंमत अशी, की सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनास्थळात, ज्या चामडी गुंडाळीवरून ती वाचतात, तिच्यावर ‘दूध’ असं नेमकं लिहिलेलं नसतं. तिथे असतात नुसती व्यंजनं: हेत, लामेद, बेत. त्यांना एका तऱ्हेने स्वर लावले की ‘हालाव’, म्हणजे दूध. दुसऱ्या तऱ्हेने लावले की ‘हेलेव’, म्हणजे चरबी. यहुदी घरांत दुधाची भांडी वेगळी आणि मांसाची वेगळी ठेवतात ती या तीन अक्षरांच्या भरवशावर. ती ‘दूध’ अशीच वाचायची हे गुंडाळीत कुठेच नाही. ते शिकवणाऱ्याच्या तोंडून शिकणाऱ्याच्या कानात आलेलं आहे.

हा प्रश्न बाहेरच्या कुणी खोडी काढायला विचारलेला नाही. तालमुद म्हणजे तोरावरच्या चर्चांचा आणि नियमांचा जुना ग्रंथ. त्यातल्या पंडितांनी स्वतःच तो उकरून काढला: चरबी कशावरून नव्हे? आणि वाद घालून झाल्यावर वाचनाची चालत आलेली रीत प्रमाण मानली.

मोडी कागद वाचणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द सुटे नाहीत. भाषा आणि व्यवहार आधी ठाऊक असला तरच ओळ लागते. तोराचंही तसंच आहे, फक्त जास्त कडक. लिहिलेलं एक अक्षर हलवायचं नाही, आणि त्याचा अर्थ गुरूवाचून लावायचा नाही. ही दोन टोकं एकदम हातात धरली तरच पुढचं सगळं समजतं.

शब्दाचा घोळ आधी मिटवू. मराठीत तोरा मिरवतात, त्याच्याशी याचा काही संबंध नाही. हिब्रूत ‘तोरा’ म्हणजे शिकवण. मराठी बायबलमध्ये तिला ‘नियमशास्त्र’ म्हटलंय, पण त्याने अर्धीच ओळख होते. पहिल्या पुस्तकात तर नियम बोटांवर मोजण्याइतकेच आहेत, बाकी सगळ्या भावाभावांच्या आणि सासऱ्या-जावयांच्या कथा. पुस्तकं पाच: उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद. (शेवटचं ‘अनुवाद’ म्हणजे भाषांतर नव्हे, तर मोशेने आज्ञा पुन्हा सांगितल्या म्हणून.) हिब्रूत मात्र ही नावं चालत नाहीत. आपण अभंग जसा पहिल्या शब्दांनी ओळखतो तशी ती सुरुवातीच्या शब्दांवरून पडली आहेत: बेरेशीत, शेमोत, वायिक्रा, बामिदबार, देवारीम.

आज्ञा 613 आहेत असं सगळीकडे वाचायला मिळतं: 248 ‘हे करा’ आणि 365 ‘हे करू नका’. आकडा तालमुदातला आहे, पण तोराला क्रमांक घातलेले नाहीत, त्यामुळे कोणत्या वाक्याला आज्ञा धरायचं यावर याद्या वेगळ्या होतात. बाराव्या शतकात मैमोनिदेस या यहुदी पंडिताने केलेली यादी सर्वांत जास्त चालते. आणि 613 च्या 613 आज कुणीही पाळत नाही, पाळूच शकत नाही. यांतल्या पुष्कळ आज्ञा यरुशलेमच्या मंदिरातल्या बलिदानांच्या आहेत, आणि ते मंदिर रोमनांनी इ.स. 70 मध्ये पाडलं.

मायफळ, हिराकस आणि डिंक

सिनेगॉगमधल्या गुंडाळीला सेफर तोरा म्हणतात. ती लिहिणारा तो सोफेर. छापखाना आला, संगणक आला, तरी ती हातानेच लिहितात. साधारण वर्षभर लागतं. खायला चालणाऱ्या, म्हणजे विहित जनावराचंच कातडं हवं आणि ते कमावतानाच ‘हे तोरासाठी’ असा संकल्प केलेला हवा. कातड्यावर आधी बोथट टोकाने रेघा ओढतात, शाईने नव्हे. रेघेशिवाय लिहिलं तर ते चालत नाही. एका पानावर तीनपेक्षा कमी आणि आठपेक्षा जास्त रकाने नकोत. हल्ली बहुतेक गुंडाळ्या 245 रकान्यांच्या, प्रत्येक रकान्यात 42 ओळी अशा मापाच्या असतात. पानं एकमेकांना सुताने नाही, जनावराच्या स्नायूंच्या धाग्यांनी शिवतात. दोन्ही टोकांना लाकडी दांडे.

शाई काळीच हवी. तिचं सामान आपल्याकडच्या काष्ठौषधीच्या दुकानात मिळेल असंच आहे: मायफळ, हिराकस आणि बाभळीच्या जातीचा डिंक. मायफळाचा तुरट अर्क आणि हिराकस एकत्र आले की काळा रंग धरतो, डिंक त्याला कातड्यावर चिकटवून ठेवतो. बिघडतं ते इथेच. थर जाड बसला की गुंडाळी उघडता-मिटताना अक्षराला तडे जातात. मिश्रण साधलं नाही तर काही वर्षांनी काळा रंग तांबूस होतो, आणि मग हे अक्षर चालेल का, असा प्रश्न पंडिताकडे न्यावा लागतो.

लिहायला पिसाचं किंवा बोरूचं टोक. संपूर्ण तोरा तोंडपाठ असलेल्या सोफेरनेही आठवणीतून लिहायची नाही, समोरची प्रत बघून, प्रत्येक शब्द तोंडाने म्हणून मगच उतरवायचा. देवाचं नाव आलं की थांबून ‘या नावाच्या पावित्र्यासाठी लिहितो’ असं म्हणायचं. त्या क्षणी राजाने विचारपूस केली तरी उत्तर द्यायचं नाही, असा नियमच आहे. नाव लिहिताना चूक झाली तर ते खरवडता येत नाही, कारण देवाचं नाव पुसायला तोरानेच मनाई केली आहे. ते कातडं बाद होतं, आणि बाद झालेलं कातडं कचऱ्यात न टाकता पुरतात. आठवड्याची मेहनत एका अक्षरापायी जमिनीत जाते.

एक अक्षर जवळून पाहू. ‘हे इस्राएला ऐक, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच’ हे यहुद्यांचं रोजचं वाक्य, शेमा. त्यातला ‘एहाद’ म्हणजे एक हा शब्द ‘दालेत’ या अक्षरावर संपतो. दालेतसारखंच दिसणारं दुसरं अक्षर आहे ‘रेश’. फरक एवढाच, की वरच्या उजव्या कोपऱ्यात दालेतला टोक असतं आणि रेश गोल वळतो. दालेतचा रेश झाला तर ‘एहाद’चं ‘अहेर’ होतं, म्हणजे ‘दुसरा’. एकच देव म्हणायच्या जागी दुसरा देव! म्हणून या वाक्यात दालेत मुद्दाम मोठा काढतात.

चूक दुरुस्त करायचीही रीत ठरलेली आहे. दालेत हवा होता आणि रेश झाला, तर टोक जोडा, चालेल. पण रेश हवा होता आणि दालेत झाला, तर टोक खरवडून रेश करता येत नाही. नियम म्हणतो, अक्षर लिहिण्यातून तयार व्हावं, कोरण्यातून नाही. ते अक्षर काढून पुन्हा लिहायचं. दोन अक्षरं एकमेकांना चिकटलेली चालत नाहीत, प्रत्येकाच्या चारी बाजूंना कोरं कातडं दिसलं पाहिजे. आणि एखादं अक्षर हे की ते अशी शंका आली तर? एका लहान मुलाला बोलावतात, फार हुशार नको आणि अगदी मठ्ठही नको, आणि विचारतात, हे काय आहे. मुलगा म्हणेल ते. हुशार मुलगा संदर्भावरून ओळखून मोकळा होतो, म्हणून तो नको. इतका शहाणा नियम क्वचित वाचायला मिळतो.

एकूण अक्षरं 3,04,805. हल्ली पानांचे फोटो काढून संगणकाकडून तपासणी होते, आणि गळलेलं किंवा जास्तीचं अक्षर तो माणसापेक्षा चांगलं पकडतो. तडा गेलाय की नुसती सावली आहे हे मात्र डोळ्यानेच बघावं लागतं. ही पद्धत किती घट्ट आहे त्याचा पुरावा येमेनमधून मिळतो. तिथले यहुदी शतकानुशतकं वेगळे राहिले, तरी त्यांच्या गुंडाळ्यांत आणि बाकीच्यांच्या गुंडाळ्यांत फरक आहे नऊ अक्षरांचा, तोही शुद्धलेखनाचा, अर्थाचा नाही.

सोमवार, गुरुवार, शनिवार

लिहून कपाटात ठेवली असं होत नाही. शनिवारी सकाळी मोठं वाचन, आणि सोमवारी व गुरुवारी छोटं. सोमवार-गुरुवार का? तालमुद सांगतो की पाण्यावाचून जसे तीन दिवस राहू नये तसे तोरावाचून राहू नये. शिवाय हे बाजाराचे दिवस होते, खेड्यातली माणसं गावात यायची. आठवडी बाजार माहीत असणाऱ्याला यातली सोय सांगायला नको.

दहा प्रौढ माणसं जमल्याशिवाय वाचन होत नाही. (सनातनी पंथात दहा पुरुष, सुधारक पंथांत स्त्रियाही धरतात आणि वाचतातही.) शनिवारी सात जणांना एकामागून एक वर बोलावतात, आधी कोहेन म्हणजे पुरोहित वंशातला, मग लेवी म्हणजे मंदिरसेवकांच्या वंशातला, मग बाकीचे. वाचणारा गुंडाळीला बोट लावत नाही, टोकाला चिमुकला हात असलेली चांदीची काडी फिरवतो. समोर स्वर नाहीत, विरामचिन्हं नाहीत, चाल लिहिलेली नाही. हे सगळं त्याने घरी स्वरांसकट छापलेल्या प्रतीवरून पाठ केलेलं असतं. स्वरांच्या खुणा तिबेरियासच्या पंडितांनी दहाव्या शतकापर्यंत पक्क्या केल्या, पण त्या पुस्तकात. गुंडाळीवर आजही नाहीत. बाजूला उभे असलेले दोघे पुस्तकात डोळे घालून असतात. अर्थ बदलेल अशी चूक झाली की तिथल्या तिथे थांबवून शब्द पुन्हा म्हणायला लावतात. लाज वाटेल म्हणून कुणी गप्प बसत नाही, फक्त चालीतली बारीक चूक सोडून देतात.

वाचता वाचता गुंडाळीतच दोष सापडला तर ती मिटवून दुसरी काढतात. दोष असलेलीवर पट्टा वेगळ्या तऱ्हेने, बाहेरून बांधून ठेवायची पद्धत आहे, म्हणजे पुन्हा चुकून कुणी काढणार नाही. आणि दुरुस्त न करता ती 30 दिवसांपेक्षा जास्त ठेवायची नाही. पूर्ण तोराचे 54 भाग केलेले आहेत, ते वर्षभरात संपतात. सिम्हात तोराच्या सणाला शेवटचा भाग वाचला की त्याच बैठकीत उत्पत्तीची पहिली ओळ सुरू.

करडापासून नारळाच्या दुधापर्यंत

आता पुन्हा करडाकडे. आज्ञा तीनदा का आली, या प्रश्नाला परंपरेचं उत्तर असं: एकदा शिजवू नका, एकदा खाऊ नका, एकदा त्यातून कसला फायदाही घेऊ नका. म्हणजे असं अन्न शिजवून विकायचंही नाही. करडू हे उदाहरण मानलं, म्हणून गाय-मेंढी सगळी आली. कोंबडी मात्र या आज्ञेत बसत नाही, तिला कुठलं दूध? गालीलमधल्या रब्बी (धर्मपंडित) योसेच्या गावात कोंबडी दुधासोबत खात असत, हे तालमुदातच नोंदलेलं आहे. पुढे पंडितांनी कोंबडीही बंद केली, कारण ताटातलं मांस कशाचं यात लोकांची गफलत होते. यहुदी कायद्यात हा फरक नेहमी सांगतात: हे तोराचं आणि हे पंडितांनी घातलेलं कुंपण. कुंपण कुंपण म्हणून ओळखू आलं पाहिजे, हा त्यातला प्रामाणिकपणा.

घरात ते असं उतरतं: भांड्यांचे दोन संच, धुवायचे ब्रशसुद्धा वेगळे. मांस खाल्ल्यावर दुधाचं खायला बहुतेक ठिकाणी सहा तास थांबतात, जर्मन घराण्यांत तीन, डच घराण्यांत एक. मांसातलं रक्त काढायला ते अर्धा तास पाण्यात, मग तासभर मिठात, मग धुऊन. रश्श्यात चुकून दुधाचा थेंब पडला तर? थेंबाच्या साठपट रस्सा असेल तर चालतो. मुद्दाम टाकून वर हिशोब मांडायचा नाही.

नारळाचं दूध हे दूध नव्हे. रायगड-मुंबईकडचे बेने इस्राएल यहुदी मटणाचा रस्सा नारळाच्या दुधात करतात आणि नियम शाबूत राहतो. सोळाव्या शतकात पोलंडमधल्या क्राकोवचे रब्बी मोशे इसर्लेस यांच्यापुढे हाच प्रश्न बदामाच्या दुधाचा होता. त्यांचं उत्तर: मांस त्यात घालणार असाल तर ताटाजवळ चार बदाम ठेवा, बघणाऱ्याचा गैरसमज नको.

डोळ्याबद्दल डोळा, पण रोख

‘डोळ्याबद्दल डोळा, दाताबद्दल दात’ हे वाक्य सूडाचं म्हणून जगभर उद्धृत होतं. यहुदी न्यायात त्याचा अर्थ भरपाई असाच लावला गेला. इ.स. 200 च्या सुमारास रब्बी यहुदा हानासी यांनी मिश्ना, म्हणजे तोंडी चालत आलेल्या नियमांचा संग्रह, संकलित केली. तिच्यात इजा करणाऱ्याने द्यायचे पैसे पाच खात्यांवर मांडले आहेत: कायमचं नुकसान, वेदना, औषधोपचार, बुडालेली मजुरी आणि झालेली अप्रतिष्ठा. अक्षर सोडून हा अर्थ आला कुठून? अक्षरातूनच. गणना या पुस्तकात म्हटलंय की खुन्याच्या जिवाबद्दल खंडणी घेऊ नका. पंडित म्हणाले, खुन्याबद्दल घेऊ नका असं मुद्दाम सांगावं लागलं, म्हणजे बाकी अवयवांबद्दल घेता येते. वकिली म्हणा हवं तर. पण तिच्यामुळे किती डोळे वाचले!

‘दारांच्या चौकटींवर लिहा’ या आज्ञेतून मेझुझा आली: शेमाच्या दोन उताऱ्यांची, 22 ओळींची चर्मपत्रावरची चिठ्ठी, आत शिरताना उजव्या हाताला, चौकटीच्या वरच्या तिसऱ्या हिश्शाच्या तळाशी. राशी हे मध्ययुगातले मोठे भाष्यकार म्हणाले उभी लावा, त्यांचेच नातू रब्बेनू ताम म्हणाले आडवी. मध्य आणि पूर्व युरोपातल्या अश्केनाझी यहुद्यांनी दोघांचा मान राखून ती तिरकी लावली, स्पेन-पोर्तुगालकडून आलेले सेफार्दी उभीच लावतात. घेताना लोक फसतात ते डबीला भुलून. डबी सुरेख, आत छापील कागद, म्हणजे मेझुझा नाहीच. सात वर्षांत दोनदा उघडून तपासायची असते, दमट हवेत तर जास्तच, कारण शाई सुटते. सेफर तोरामध्ये गळलेलं अक्षर नंतर भरता येतं, मेझुझात नाही. तिची अक्षरं क्रमानेच लिहिलेली हवीत.

शनिवारी घाणा बंद

सातव्या दिवशी काम करू नका, असं तोरा सांगते. काम म्हणजे काय हे धड सांगत नाही. पण शब्बाथची, म्हणजे शनिवारच्या विसाव्याची, आज्ञा आणि रानातल्या निवासमंडपाचं, म्हणजे तंबूसारख्या फिरत्या मंदिराचं, बांधकाम शेजारी-शेजारी आलंय, त्यावरून मिश्नाने मंडपाला लागणारी 39 कामं काढली: पेरणी, कापणी, मळणी, दळणं, भाजणं, विणणं, गाठ मारणं, दोन अक्षरं लिहिणं, आग पेटवणं वगैरे. दमणं ही कसोटीच नाही. घरातल्या घरात जड खुर्ची हलवली तर चालते, दोन अक्षरं लिहिली तर नाही. मौखिक परंपरा न मानणाऱ्या कराईत पंथाने ‘घरात अग्नी पेटवू नका’ याचा अर्थ असा घेतला, की जुन्या काळी ते शुक्रवारची रात्र अंधारात काढत. बाकीच्यांनी सूर्यास्तापूर्वीच दिवे लावून ठेवले. जिवावर बेतलं तर मात्र यातलं जवळजवळ सगळं बाजूला ठेवायचं, रुग्णाला घेऊन गाडी चालवायचीच.

या यादीत मळणीखाली एक उपकाम येतं: पिळून रस किंवा तेल काढणं. आणि दहा आज्ञांत ‘तुझा बैल’ही विसावा घेईल असं स्पष्ट आहे. कोकणातले बेने इस्राएल तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. घाण्याच्या बैलालाही सुट्टी. त्यांच्याजवळ तेव्हा ना सेफर तोरा होती, ना मिश्ना. समाजाची परंपरा सांगते, की नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं त्यात पोथ्या बुडाल्या. उरलं ते हाताला आणि तोंडाला ठाऊक असलेलं: आठव्या दिवशी मुलाची सुंता, शनिवार, शेमाची ओळ आणि माशांची निवड.

माशांवरूनच ते ओळखले गेले, असं सांगतात. दाविद राहाबी नावाच्या पाहुण्याने बायकांपुढे मिसळीचे मासे टाकले आणि रांधायला सांगितलं. त्यांनी पर आणि खवले असलेले तेवढे घेतले, बाकीचे बाजूला सारले. लेवीय पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात नियम तोच आहे, म्हणून कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, मुशी ही सगळी वर्ज्य. राहाबी नेमका कधी आला यावर इतिहासकारांत एकमत नाही.

गुंडाळी नंतर आली. मुंबईत मांडवीला 1796 मध्ये शाआर हाराहामीम हे बेने इस्राएलांचं पहिलं सिनेगॉग उभं राहिलं. बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले अधिकारी. लोक त्याला मशीदच म्हणायचे, आणि मस्जिद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. इमारत झाली, पण तिच्यात ठेवायला सेफर तोरा हवी होती. ती आणायला दिवेकर कोचीनच्या यहुद्यांकडे गेले आणि 1797 मध्ये तिथेच वारले, अशी समाजाची आठवण आहे.